एकाच वर्षी निदान, मग एकाचे सीडी-फोर टिकले कसे?

वाचकांचे प्रश्न : एचआयव्ही आणि आनुवंशिकता

गेल्या अंकातल्या आवाहनानंतर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावं आणि गावं गाळली आहेत. कोणाच्याही एचआयव्ही स्थितीची वाच्यता त्याच्या संमतीशिवाय करायची नाही, हे २०१७ च्या कायद्यानेच बजावलेलं आहे.

प्रश्न : माझा आणि पत्नीचा रिपोर्ट २००९ साली एकाच आठवड्यात पॉझिटिव्ह आला. दोन वर्षांत माझे सीडी-फोर (एचआयव्ही ज्या रोगप्रतिकारक पेशींवर हल्ला करतो त्यांची रक्तातली संख्या) १६० वर आले आणि गोळ्या सुरू झाल्या. पत्नीचे मात्र गोळ्यांशिवाय सहा-सात वर्षं पाचशेच्या वर राहिले. २०१७ साली सर्वांनाच गोळ्या द्यायचं ठरलं तेव्हा तिच्या सुरू झाल्या. घर एक, खाणंपिणं एक. नातेवाईक म्हणतात, तिचं रक्तच चांगलं. यात काही तथ्य आहे का?

उत्तर : थोडं आहे, पण आधी तारखांचा हिशेब नीट लावू. रिपोर्ट एका आठवड्यात आला म्हणून लागणही एकाच वेळी झाली असं होत नाही. उपचार न घेता लागणीपासून एड्सच्या टप्प्यापर्यंत सरासरी दहाएक वर्षं जातात. कोणाची दोन-तीन वर्षांत वाट लागते, कोणाला वीस वर्षं काही होत नाही. २००९ साली तुम्ही कदाचित लागणीच्या सातव्या-आठव्या वर्षात होतात आणि पत्नी पहिल्या-दुसऱ्या वर्षात. नवरा-बायकोची अशी तुलना करताना हे हमखास विसरलं जातं, आणि फरकाचा मोठा वाटा पुष्कळदा एवढ्यातच निघतो.

उरलेल्या फरकात जनुकांचा भाग येतो. लागणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तातला विषाणू भरमसाट वाढतो, मग शरीर त्याला आवरतं आणि तो एका पातळीवर येऊन स्थिरावतो. डॉक्टर तिला सेट पॉइंट म्हणतात. कोणाचा सेट पॉइंट मिलिलिटरला पाचशे प्रतींचा, तर कोणाचा पाच लाखांचा. तो जितका वर, तितके सीडी-फोर झपाट्याने घसरतात. माणसामाणसांतल्या या फरकापैकी साधारण पाव हिस्सा जन्मजात जनुकीय फरकांनी ठरतो, असं युरोपीय वंशाच्या हजारो रुग्णांच्या २०१५ सालच्या अभ्यासात दिसलं. बराचसा भाग कोणत्या जातीचा विषाणू वाट्याला आला यावर असतो. उरलेल्यात वय, क्षयरोगासारखी जोडीची आजारपणं आणि नशीब.

त्या पाव हिश्शातही सिंहाचा वाटा सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए जनुकांचा आहे. यातही एचएलए-बी सर्वांत महत्त्वाचं. त्याचं काम समजायला आपल्याकडची म्हण पुरेशी आहे : शितावरून भाताची परीक्षा. शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी आपल्या आत काय शिजतंय त्याचं एकेक शीत बाहेर मांडत असते. हे शीत म्हणजे प्रथिनाचा आठ-दहा अमिनो आम्लांचा तुकडा, आणि तो ज्या खाचेत बसवून दाखवला जातो ती खाच एचएलएची. गस्तीवरच्या मारक टी पेशी ही शितं चाचपतात. एखादं विषाणूचं निघालं की ती पेशीच मारून टाकतात. खाचेचा आकार प्रत्येकाचा वेगळा, त्यामुळे विषाणूचा कोणता तुकडा दाखवला जाणार हेही ज्याचं त्याचं वेगळं.

एचएलए-बीच्या बी*५७ या प्रकाराच्या खाचेत विषाणूच्या आतल्या कवचाच्या प्रथिनाचा दहा अक्षरी (एक अक्षर म्हणजे एक अमिनो आम्ल) तुकडा छान बसतो. या तुकड्याचं शेवटचं अक्षर ट्रिप्टोफॅन. ते खाचेच्या टोकाच्या खळग्यात रुततं. मारक पेशी हा तुकडा पटकन ओळखतात. मग विषाणू काय करतो? तुकड्यातलं तिसरं अक्षर, म्हणजे मूळ प्रथिनातलं २४२ वं, बदलतो : थ्रिओनिनच्या जागी ॲस्परॅजिन. पकड सुटते. पण हे कवच शेकडो सारखे तुकडे एकमेकांत अचूक गुंतून बनतं, आणि त्याच जोडणीच्या नाजूक भागात हा बदल झालेला असतो. विषाणू सुटतो खरा, पण लंगडा होऊन. याचा पुरावा फार सुंदर आहे : हाच बदललेला विषाणू पुढे बी*५७ नसलेल्या माणसात गेला, की हळूहळू पुन्हा थ्रिओनिनवर येतो. जिथे पाठलाग नाही तिथे लंगडत कशाला चालायचं?

म्हणजे चांगली खाच ती, जी विषाणूला त्याच्या दुखऱ्या नसेवर पकडते. जी खाच विषाणूचा सहज बदलता येणारा तुकडा दाखवते ती कामाची नाही. बी*३५ च्या काही उपप्रकारांत सीडी-फोर लवकर घसरतात, ते यामुळेच असावं. शिवाय खाचांची विविधताही मोजली जाते. ए, बी आणि सी या तिन्ही जनुकांची एकेक प्रत आईकडून, एकेक वडिलांकडून, म्हणजे जास्तीत जास्त सहा प्रकारच्या खाचा. दोन्ही प्रती सारख्या निघाल्या तर खाचा कमी आणि विषाणूला निसटायला वाटा जास्त. अशा लोकांत आजार वेगाने पुढे जातो, हे १९९९ पासून माहीत आहे. (मामे-आते भावंडांच्या लग्नातून जन्मलेल्या मुलात एखाद्या ठिकाणी दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या असण्याची शक्यता सोळात एक. या शक्यतेवरून कोणाच्या आजाराचं खापर आजी-आजोबांच्या सोयरिकीवर फोडू नये.)

पत्नीकडे यातलं काय असेल ते चाचणी न करता सांगता येणार नाही, आणि चाचणी करून आज काही बदलणारही नाही. बी*५७ असलेल्यांतही बहुतेकांना उपचारांशिवाय विषाणू कायमचा दाबून ठेवता येत नाही. बायकांचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) सुरुवातीच्या काळात पुरुषांपेक्षा सरासरीने कमी असतो, तोही एक धागा आहेच. तेव्हा ‘रक्त चांगलं’ म्हणणाऱ्यांना सांगा की तारीख, विषाणू, जनुकं आणि योगायोग, चारही मिळून ते घडलं.

प्रश्न : युरोपात शंभरात एकाला एचआयव्ही होऊच शकत नाही असं वाचलं. भारतात असे लोक किती? मी ऑनलाइन मागवलेल्या जनुकीय अहवालात ‘सीसीआर-५ : सामान्य’ असं आलंय. म्हणजे मला धोका जास्त आहे का?

उत्तर : नाही. ‘सामान्य’ म्हणजे जगातल्या बहुतेक माणसांसारखं. धोका ठरतो तो वागण्यावरून आणि जोडीदाराच्या व्हायरल लोडवरून.

आता गोष्ट शंभरातल्या एकाची. पेशीत शिरताना एचआयव्हीला दोन कड्या लागतात. पहिली सीडी-फोर (ज्या प्रथिनावरून त्या पेशींना हे नाव पडलं ते), दुसरी बहुधा सीसीआर-५. ही दुसरी कडी १९९६ साली सापडली आणि त्याच वर्षी तिच्यातला दोषही कळला. काहींच्या सीसीआर-५ जनुकातून डीएनएची सलग ३२ अक्षरं गळालेली असतात, म्हणून नाव डेल्टा-३२. जनुकाचं वाचन तीन-तीन अक्षरांच्या गटांनी होतं आणि ३२ ला तीनने भाग जात नाही. त्यामुळे पुढचं सगळं वाचन घसरतं, मध्येच ‘थांबा’ची खूण लागते आणि अर्धवट प्रथिन पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोचतच नाही. कडीच नाही, तर विषाणू अडकणार कुठे? त्याच वर्षीच्या एका अमेरिकी अभ्यासात संपर्क येऊनही लागण न झालेल्या ६१२ जणांत १७ जणांच्या दोन्ही प्रती अशा निघाल्या. लागण झालेल्या १,३४३ जणांत असा एकही नव्हता.

एकच प्रत गळकी असेल तर लागण होते, पण कड्या कमी असल्याने आजार सरासरी दोनेक वर्षं उशिरा पुढे सरकतो.

उत्तर युरोपीयांत दोन्ही प्रती गळक्या असलेले शंभरात एक, दक्षिणेकडे जाल तसे कमी. आफ्रिका, पूर्व आशिया आणि भारतात हा बदल जवळजवळ नाहीच. आपल्याकडे एखाददुसऱ्यात एक प्रत सापडते, तीही अपवादानेच. त्यामुळे त्याच्या शोधात पैसे घालवण्यात अर्थ नाही. चाचणी तशी सोपी आहे : जनुकाचा तो भाग पीसीआरने वाढवून जेलवर पळवायचा. सामान्य प्रतीची पट्टी वर, ३२ अक्षरांनी आखूड प्रतीची खाली, एक-एक प्रत असेल तर दोन्ही पट्ट्या. अवघड आहे ते निकालाचा अर्थ लावणं. दोन्ही प्रती गळक्या असणाऱ्यांनाही क्वचित लागण झालेली आहे, कारण काही विषाणू सीसीआर-५ ऐवजी सीएक्ससीआर-४ ही कडी वापरतात. ‘मला होणारच नाही’ असं कोणीही समजू नये.

आणि हे वरदान फुकट मिळालेलं नाही. सीसीआर-५ नसलेल्यांना वेस्ट नाईल विषाणूचा आजार जास्त गंभीर होऊ शकतो, हे २००६ साली दिसलं. उलट, दोन्ही प्रती गळक्या असलेले लवकर मरतात असा २०१९ चा गाजलेला निष्कर्ष मोजणीतल्या चुकीमुळे त्याच वर्षी मागे घ्यावा लागला. या विषयातल्या बातम्या वर्षभर मुरू द्याव्यात, मग वाचाव्यात.

जनुकशास्त्रातली आणखी एक खोट इथेच सांगून टाकू. हे शोध बहुतांश युरोपीय वंशाच्या लोकांवर लागले. आफ्रिकी वंशाच्या लोकांकडे नीट पाहिलं तेव्हा २०२३ साली पहिल्या गुणसूत्रावर, सीएचडी१एल जनुकाजवळ, व्हायरल लोडशी जोडलेला अगदी वेगळाच फरक हाती लागला; युरोपीयांत तो शोधूनही मिळाला नसता. आपल्याकडचा विषाणू मुख्यतः सी उपप्रकाराचा आणि आपली एचएलएची मिसळणही वेगळी. तेव्हा परदेशी अहवालातली ‘जोखीम इतके टक्के’ अशी वाक्यं इथल्या माणसाला जशीच्या तशी लावू नका.

प्रश्न : कंबर सकाळी आखडते म्हणून केलेल्या तपासणीत माझं एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह आलं. मी एचआयव्हीच्या गोळ्या घेतो. बी२७ असलेल्यांचा एचआयव्ही हळू वाढतो हे खरं का?

उत्तर : सरासरीने खरं. बी*२७ ची खाचही कवचाच्याच प्रथिनाचा एक नाजूक तुकडा पकडते. तिथून सुटायला विषाणूला २६४ व्या जागी बदल करावा लागतो, आणि तो झेपावा म्हणून १७३ व्या जागी आणखी एक टेकू द्यावा लागतो. दोन्ही जमायला वर्षं लागतात. जमले की संरक्षण संपतं. गोळ्यांनी व्हायरल लोड दबलेला असताना या फरकाला काही किंमत उरत नाही. म्हणून बी२७ च्या भरवशावर एकही डोस चुकवू नका.

तुमच्या पत्रातली खरी काळजीची गोष्ट कंबर आहे. बी२७ पॉझिटिव्ह असणं म्हणजे मणक्याचा संधिवात असणं नव्हे. ज्यांना काहीच त्रास नाही अशा अनेकांत ते असतं. महाराष्ट्रात एचआयव्हीसह जगणाऱ्याची कंबर दुखते तेव्हा आधी मणक्याचा क्षय नाही ना हे पाहायला हवं. संधिवाताचं आखडणं सकाळी जास्त असतं आणि हालचालीने सैल होतं. क्षयाचं दुखणं एका जागी, रात्री वाढणारं, दिवसेंदिवस वर चढणारं. जोडीला संध्याकाळचा ताप, वजन घटणं, रात्री घाम. पायात बधिरपणा किंवा लघवी अडणं दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. एमआरआयशिवाय निव्वळ बी२७ च्या कागदावर उपचार सुरू करू देऊ नका. संधिवाताची काही इंजेक्शनं सुप्त क्षय जागा करतात. ती सुचवली गेली तर तुमच्या एआरटी (एचआयव्हीवरचे औषधोपचार) सेंटरच्या डॉक्टरांना आधी विचारा.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलाला अबाकाविर असलेल्या गोळ्या सुरू करणार आहेत. एका डॉक्टरांनी ‘आधी एचएलए टेस्ट करा’ असं सांगितलं. ही टेस्ट कशाची? नाही केली तर?

उत्तर : सगळ्या जनुकीय चाचण्यांत रुग्णाच्या रोजच्या उपचाराशी थेट नातं असलेली हीच एक, म्हणून तिच्यावर जरा थांबू.

काही रुग्णांना अबाकाविरची तीव्र ॲलर्जी येते. चाचणीची पद्धत रुळण्यापूर्वी हे प्रमाण शंभरात पाच ते आठ होतं. २००२ साली दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की ही ॲलर्जी एचएलए-बी*५७:०१ असणाऱ्यांना येते. कारण नंतर कळलं : अबाकाविरचा रेणू या खाचेच्या तळाशी, वर सांगितलेल्या ट्रिप्टोफॅनच्या खळग्यातच जाऊन बसतो. खाचेचा आकार बदलतो, शरीराची स्वतःचीच शितं वेगळी दिसायला लागतात, आणि मारक पेशी घरच्यांवरच तुटून पडतात. म्हणजे एचआयव्हीशी लढायला उपयोगी पडणारी खाचच औषधाच्या बाबतीत घात करते.

१९ देशांतल्या १,९५६ रुग्णांवरच्या २००८ सालच्या चाचणीत आधी तपासून, बी*५७:०१ असलेल्यांना अबाकाविर दिलं नाही, तेव्हा त्या गटात त्वचा-चाचणीने सिद्ध झालेली ॲलर्जी एकालाही झाली नाही. न तपासता दिलेल्या गटात ती २.७ टक्के होती.

चाचणी एकदाच, आयुष्यभरासाठी. दोन-तीन मिलिलिटर रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात. उपाशी राहायची गरज नाही. अहवाल हातात आला की एकच गोष्ट बघा : ‘बी*५७:०१’ असं चार अंकी स्पष्ट लिहिलंय का. नुसतं ‘बी५७ पॉझिटिव्ह’ पुरेसं नाही, कारण बी*५७:०३ सारखे भाऊबंदही त्याच नावाखाली येतात आणि त्यांचा अबाकाविरशी तसा संबंध नाही. पॉझिटिव्ह आला तर अबाकाविर द्यायचंच नाही, दुसरं औषध निवडायचं. पॉझिटिव्ह असणाऱ्या सगळ्यांना ॲलर्जी येते असं नाही, साधारण निम्म्यांना येते. पण कोणाला येईल ते आधी कळत नाही, म्हणून सगळ्यांनाच टाळायचं.

घरात कोणाला पूर्वी अबाकाविरने त्रास झाला असेल तर सेंटरमध्ये आवर्जून सांगा. आईला किंवा वडिलांना हा प्रकार एका प्रतीत असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी.

चाचणी सगळीकडे सहज होत नाही. ती न करता औषध सुरू झालं, तर पहिले सहा आठवडे डोळ्यांत तेल घालून पाहा. बहुतेक वेळा त्रास दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सुरू होतो. ताप, अंगावर पुरळ, उलट्या-जुलाब-पोटदुखी, गळून गेल्यासारखा थकवा, खोकला किंवा धाप. यांतल्या एकाऐवजी दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या आणि प्रत्येक डोसनंतर त्रास वाढत गेला, तर संशय पक्का धरा. मूल फणफणलं म्हणजे व्हायरल ताप असेल असं घरीच ठरवून पॅरासिटामॉलवर दोन दिवस काढणं, ही इथली नेहमीची चूक. त्याच दिवशी मुलाला औषधांसकट सेंटरला न्या आणि पुढचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. औषध बंद झालं की दोन-तीन दिवसांत मूल टवटवीत होतं.

आणि इथेच खरा धोका आहे. मूल बरं झालं, गोळ्यांची बाटली घरात आहे, कोणीतरी म्हणतं ‘पुन्हा देऊन बघू’. ॲलर्जीमुळे बंद केलेलं अबाकाविर पुन्हा कधीही द्यायचं नाही. दुसऱ्या खेपेला काही तासांत रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. उरलेल्या गोळ्या सेंटरला परत करा, आणि एआरटीची जी पुस्तिका असेल तिच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहून घ्या : अबाकाविर चालत नाही. हे नाव जोडगोळ्यांच्या (दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्यांच्या) आतही दडलेलं असतं, म्हणून दर वेळी लेबलवरचे घटक वाचा.

प्रश्न : एचआयव्हीवरच्या पूर्वीच्या एफाविरेन्झच्या गोळीने मला वर्षभर चक्कर आणि भयंकर स्वप्नं, आणि मित्राला तीच गोळी घेऊन गाढ झोप. असं का?

उत्तर : यकृतात एफाविरेन्झ मोडणारं सीवायपी२बी६ नावाचं विकर आहे. त्याच्या जनुकात ५१६ व्या जागी ‘जी’ या अक्षराऐवजी ‘टी’ असेल तर विकर मंद चालतं. दोन्ही प्रतींत टी असेल तर औषध रक्तात कित्येक पटींनी साचतं. भारतीयांत हा टी पुष्कळ आढळतो. ६०० मिलिग्रॅमची तीच गोळी तुम्हाला दुप्पट-तिप्पट घेतल्यासारखी, मित्राला बेताची. तुमच्या मनाचा कमकुवतपणा वगैरे काही नव्हतं. आता बहुतेकांच्या गोळीत एफाविरेन्झच्या जागी डोल्युटेग्राविर आल्याने हा प्रश्न मागे पडलाय.

पण एक लक्षात असू द्या : क्षयावरचं रिफाम्पिसिन सुरू झालं की डोल्युटेग्राविर मोडण्याचा वेग सगळ्यांतच वाढतो, जनुकं कशीही असोत. त्या काळात ५० मिलिग्रॅमची जादा गोळी बारा तासांनी घ्यावी लागते, आणि रिफाम्पिसिन थांबल्यावरही दोन आठवडे.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी पॉझिटिव्ह निघालो. तेव्हापासून गोळ्या नाहीत, तरी सीडी-फोर ७८० आणि व्हायरल लोड ‘आढळला नाही’. मी ‘एलिट कंट्रोलर’ आहे असं वाटतं. गोळ्या न घेता राहू का?

उत्तर : गोळ्यांशिवाय विषाणू दाबून ठेवणारे असे लोक असतात, शंभरात एकाहून कमी. बी*५७ आणि बी*२७ त्यांच्यात जास्त दिसतात. पण तुम्ही त्यातले आहात हे मानण्याआधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, निदान. एकाच किटवरचा रिपोर्ट धरू नका. आयसीटीसीत (एचआयव्हीच्या सरकारी तपासणी व समुपदेशन केंद्रात) वेगवेगळ्या तत्त्वांवरच्या तीन चाचण्यांनी खात्री होते. दुसरी, विषाणूचा प्रकार. एचआयव्ही-२ मुळात पश्चिम आफ्रिकेतला, पण महाराष्ट्र आणि गोव्यासह पश्चिम भारतात तो आढळतो. तो बराच सावकाश वाढतो, आणि नेहमीची व्हायरल लोड चाचणी फक्त एचआयव्ही-१ मोजते. त्यामुळे एचआयव्ही-२ असलेल्या माणसाचा रिपोर्ट ‘आढळला नाही’ असाच येणार. हे ठरवणं औषधासाठीही गरजेचं आहे, कारण एफाविरेन्झ आणि नेव्हिरापिन ही औषधं एचआयव्ही-२ वर मुळात चालतच नाहीत. तिसरी, तुम्ही दुसऱ्या नावाने किंवा ‘ताकदीचं औषध’ म्हणून काही घेत नाही ना, ज्यात एआरटी मिसळलेली आहे?

तिन्ही गाळण्यांतून पार पडून तुम्ही खरोखर कंट्रोलर निघालात, तरी आमचं मत गोळ्या घ्या असंच आहे. विषाणू दबलेला असला तरी शरीराची लढाई आत चालूच असते. कंट्रोलरांत दाह आणि हृदयविकार जास्त दिसला आहे. शिवाय ताबा कायम राहत नाही, एखादा बदललेला विषाणू कधीतरी सुटतो. ज्यांचे सीडी-फोर पाचशेच्या वर होते अशा ४,६८५ जणांवरच्या २०१५ च्या चाचणीत लगेच गोळ्या घेणाऱ्यांत गंभीर आजार आणि मृत्यूचा धोका ५७ टक्क्यांनी कमी निघाला. आपल्याकडेही २०१७ पासून सीडी-फोर किती आहेत हे न बघता सर्वांना मोफत उपचार मिळतात. तुमच्यासारख्यांचं रक्त संशोधकांना हवं असतं हे खरं. त्यासाठी स्वतःला बिनऔषधी ठेवण्याची गरज नाही.

प्रश्न : बोन मॅरो बदलून एचआयव्ही बरा होतो म्हणे. खर्च करायची तयारी आहे.

उत्तर : खर्च वाचवा. बर्लिनमध्ये राहणाऱ्या टिमोथी रे ब्राउन या अमेरिकी माणसाला रक्ताचा कर्करोग होता. त्यासाठी २००७ आणि २००८ साली दोनदा मज्जा बदलली. दाता मुद्दाम डेल्टा-३२ च्या दोन्ही प्रती असलेला निवडला होता. एचआयव्ही परत आला नाही. २०२० साली ते वारले, कर्करोग उलटल्याने. लंडन आणि ड्युसेलडॉर्फमध्येही असं यश आलं, पण सगळे कर्करोगाचे रुग्ण होते, कारण या उपचारातच मरण्याचा धोका मोठा आहे. जर्मनीतल्या एसेनच्या रुग्णात तर सीएक्ससीआर-४ वापरणारा विषाणू मज्जा बदलल्यावर उसळून आला. भारतीय माणसाला एचएलए जुळणारा आणि शिवाय डेल्टा-३२ वाला दाता मिळणं हे तर गवताच्या गंजीत सुई शोधण्याहून कठीण.

जनुक कापण्याचंही तसंच. २०१८ साली ‘हे जियानकुई’ नावाच्या चिनी शास्त्रज्ञाने भ्रूणातच सीसीआर-५ कापून जुळ्या मुली जन्माला घातल्याचं जाहीर केलं. त्यांच्यात हुबेहूब डेल्टा-३२ तयारच झालं नव्हतं, वेगळेच तुकडे पडले होते. त्याला तीन वर्षांची कैद झाली.

प्रश्न : मी पॉझिटिव्ह आहे, सातवा महिना आहे. एचआयव्ही ‘वंशातून’ बाळाला जातो का? आणि माझी जनुकं चांगली असली तर बाळाला फायदा होईल का?

उत्तर : वंशातून जात नाही. गर्भात, बाळंतपणात किंवा दुधातून विषाणू जातो. तुमचा व्हायरल लोड दबलेला असेल तर ही शक्यता फारच कमी होते. म्हणून सध्या तुमच्या हातातली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे रोजची गोळी आणि बाळंतपणाआधीचा व्हायरल लोडचा रिपोर्ट. तो अजून झाला नसेल तर याच आठवड्यात सेंटरला विचारा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा उलटं आहे. बाळाला तुमच्या एचएलएचा अर्धा संच मिळतो. पण तुमच्या शरीरात वर्षानुवर्षं राहिलेला विषाणू त्याच खाचांमधून निसटायला आधीच शिकलेला असतो. दुर्दैवाने तो बाळात गेला तर आईकडून आलेल्या ‘चांगल्या’ प्रतीचा जोर पहिल्या दिवसापासूनच कमी. उपयोगी पडल्या तर वडिलांकडच्या. बी*२७ च्या बाबतीत २००१ साली हे दाखवलं गेलं.

बाळाची तपासणी सहा आठवड्यांनी टाचेच्या रक्ताचे ठिपके कागदावर घेऊन होते. साधी अँटीबॉडी चाचणी तेव्हा चालत नाही, कारण तुमच्याच अँटीबॉडी बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात आणि निरोगी बाळही पॉझिटिव्ह दिसतं. खासगी लॅबमध्ये घाईने अशी चाचणी करून घेऊन घाबरलेले आईवडील सेंटरला नेहमी येतात. सहा आठवड्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी सहाव्या आणि बाराव्या महिन्याला पुन्हा जायचं, आणि पक्का निकाल अठराव्या महिन्याला.